मीठ-कोळशाचा खड्डा

"कोन मेलं या घरात? अंगनात खड्डा करून मीठ कायले पुरून राह्यले रे तुमी? माह्या मुळावर उठले का सारे?"

माझ्या धाकट्या बहिणीची सासू ओट्यावर उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज असा, की आसेगावात तिनं तोंड उघडलं तर मंगरूळपीरच्या स्टँडवर कंडक्टर घंटी मारायला विसरेल. मी अंगणातल्या खड्ड्यात छातीइतका बुडून उभा होतो. सकाळी तो खड्डा पुरुषभर खोल होता. तळाशी तांब्याची चौकोनी पाटी उभी ठेवून तिच्याभोवती एक थर कोळशाचा, एक थर खडेमिठाचा असं भरत भरत मी वर येत होतो. हात कोपरापर्यंत काळे आणि मिशा मिठानं पांढऱ्या झालेल्या. जवाईबुवा, म्हणजे बहिणीचा नवरा, वरून टोपलं देत होते. आईचा आवाज ऐकताच त्यांनी टोपलं खाली ठेवलं आणि बैलाला एकाएकी काही झालं असावं अशा घाईनं गोठा गाठला.

म्हणजे उत्तर द्यायला मीच उरलो. तिथंच सगळं बिघडलं.

मी कारंजा लाडचा वायरमन. मला वायरिंग चांगलं येतं आणि बोलणं त्याहून थोडं जास्त चांगलं येतं. तीस वर्षांत इतके झटके खाल्लेत की थंडीच्या दिवसांत काखेत बल्ब धरला तर तो मंद पेटतो. शिरपूरला एका घरात मी केलेली पाइपफिटिंग इतकी सरळ होती की गवंडी ओळंबा घरी ठेवून यायचे आणि माझ्या पाइपावरून भिंत तपासायचे. एका गावात बिनअर्थिंगच्या लोखंडी कपाटाला अंग घासलेलं मांजर आठ दिवस असं फुगून हिंडलं की लोकांनी बिबट्या आला म्हणून रात्रपाळीनं राखण केली. या सगळ्या गोष्टी मी शपथेवर सांगत आलोय. पुढची गोष्ट मात्र शपथेवाचून खरी आहे.

आधी आमच्याकडच्या कूलरबद्दल सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातला एक माणूसच. लोखंडी पत्र्याचा देह, तीन बाजूंनी गवताच्या ताट्या, पोटात पाणी आणि पाण्यात विजेची मोटर. दुनियेत पाणी आणि वीज एकमेकांपासून लांब ठेवतात, आम्ही दोघांना एका डब्यात घालून त्यापुढं लेकरं झोपवतो. या कूलरला हात लावायची एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही, बघून बघून येते. पायात चप्पल घालायची. बोटांची मागची बाजू पत्र्याला हळूच टेकवायची. मुंग्या आल्या तर "आज थोडा करंट हाय" असं म्हणायचं आणि पाणी भरायला लागायचं. ऊन असतं, वारा असतो, तसा करंट असतो. कूलरची म्हणून वेगळी चप्पल ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. पाहुणा आला की त्याला सांगतात, "त्याले हात नका लावू भाऊ, थो चावते." चावरं कुत्रं असलं तर लोक बांधून ठेवतात. कूलर मात्र चावतो हे माहीत असून घरभर मोकळा. अशा घरांतून मला वायरिंग तपासायला बोलावणं यायचं तेव्हा बहुतेक वेळा अंगणात मांडव नसताना खुर्च्या मांडलेल्या असायच्या, आणि खुर्च्यांवर बसलेली माणसं बोलत नसायची.

म्हणून बहिणीनं दोन वर्षांपूर्वी जुन्या मातीच्या घरापुढं स्लॅबच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर काढलं तेव्हा मी सांगून टाकलं, की वायरिंग माझ्याकडून. तिला आईबाप नाहीत, माहेर म्हणजे मीच. या घरात विजेनं कुणाला काही व्हायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी तोंडानं बोललो नाही. माझ्या तोंडून अशी वाक्यं निघाली की लोक हसायला तयार होतात.

काम मी मन लावून केलं. दिव्यांना दीड एमएमची तांब्याची तार, कूलर-मिक्सरच्या सॉकेटला अडीचची. प्रत्येक बटणातून फेजच, म्हणजे वीज आणणारी जिवंत तारच, गेली पाहिजे, म्हणजे बटण बंद केलं की होल्डरमध्ये जीव राहत नाही. आमच्याकडचे अर्धे वायरमन हाताला येईल ती तार बटणाला देतात. दिवा विझतो, बाई खुशीत बल्ब बदलायला चढते आणि खाली येते ती एकदम. मी एकूण एक होल्डर टेस्टर लावून पाहिला. प्रत्येक सॉकेटच्या वरच्या जाड भोकापर्यंत हिरवी तार नेली, आणि साऱ्या हिरव्या तारा एकत्र करून बाहेरच्या भिंतीवरून खाली अंगणात आणल्या, त्या खड्ड्यासाठी.

खड्ड्याचं, म्हणजे अर्थिंगचं, काम असं. कूलरच्या पोटातली तार सोलली जाऊन पत्र्याला लागली, तर ती वीज कुठून तरी जमिनीत जायला बघणार. तिला तांब्याची सोपी वाट करून दिली तर ती तिकडून इतक्या जोरात धावते की बोर्डातला एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारं बटण, खटकन खाली येतो आणि कूलर मुका होतो. वाट दिली नाही तर ती पत्र्यातच दबा धरून बसते, कुणी ओल्या हातानं येईपर्यंत. मीठ जमिनीत ओल धरून ठेवतं, आणि मीठ-कोळशाच्या ओल्या थरांतून विजेला जमिनीत उतरणं सोपं जातं. बस, इतकंच. पाच मिनिटांत शाळेतल्या लेकरालाही समजेल.

त्या दिवशी मावशींना, बहिणीच्या सासूला मी मावशी म्हणतो, हे असंच सांगता आलं असतं. पण कुंपणाशी सात-आठ माणसं जमली होती. समोर ऐकणारे असले की मला खरं बोलायला जड जातं.

मी म्हणालो, "मावशी, वीज उन्हाळ्यात नासते. म्हनून खारवून ठेवून राह्यलो, लोनच्यासारखी."

कुंपण हसलं. मावशी हसल्या नाहीत.

"मले येडी समजतं का रे? मीठ-कोयसा दुसऱ्याच्या अंगनात कोन पुरते अन् कायले पुरते, मले मालूम नाई का?"

तिथल्या प्रत्येकाला ते मालूम होतं. आमच्या भागात कुणाच्या दारात मीठ, कोळसा, लिंबू असं काही पुरलेलं निघालं की त्याचा एकच अर्थ असतो. करणी. त्या घराचं वाईट व्हावं म्हणून कुणीतरी केलेली. म्हातारीच्या पायाखालची जमीन सरकली होती आणि तिचा आवाज रागानं चढलेला नव्हता, भीतीनं चढलेला होता. हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त चालून आलेली संधी दिसली.

"बरोब्बर ओयखलं मावशी," मी खड्ड्यातूनच हात जोडले. "तुमच्याच नावानं पुरून राह्यलो. आता सुनेवर आवाज चढवसान त जीभ जड होईन तुमची."

मग जे हसू उठलं ते मला अजून ऐकू येतं. कुंपणावरचा एक म्हातारा हसता हसता खोकून लाल झाला. गोठ्यातून जवाईबुवा हसले, माझी शपथ, बैलही हसला. बहीण दारात चहाचे कप घेऊन उभी होती, ती हसली नाही. मला वाटलं, लाजली. मावशी आत गेल्या आणि मी मिठाचं पुढचं टोपलं असं ओतलं जसं कुस्ती मारून आखाड्यात माती उधळावी.

संध्याकाळी मी सगळ्यांसमोर शंभराचा बल्ब घेतला. त्याची एक तार फेजला आणि दुसरी खड्ड्यातून आलेल्या तारेला लावली. बल्ब घरच्या दिव्याइतकाच लख्ख पेटला. अर्थिंग उत्तम असल्याची ही साधी खूण, आणि हातचलाखीसारखी दिसते म्हणून मला आवडते. बहिणीला सांगितलं, खड्ड्यात वरून जो पाइप सोडलाय त्यात उन्हाळाभर आठवड्याला एक बादली पाणी ओतायचं. ती हो म्हणाली.

एक गोष्ट राहिली होती. एमसीबीच्या जोडीला दुसरा एक ब्रेकर लावायचा असतो. माणसाच्या अंगातून चिमूटभर वीज जमिनीत जाऊ लागली तरी तो डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतो. अर्थिंग काही कारणानं गेलं तरी तो माणूस वाचवतो. तो त्या दिवशी माझ्याजवळ नव्हता. पुढच्या फेरीत आणतो म्हणालो. मग दिवाळीनंतरची लग्नसराई आली, मांडवाच्या लायटिंगची कामं आली, पुढची फेरी झालीच नाही. कारंजात चहाच्या टपरीवर मी त्या घराची गोष्ट सांगायचो. गोष्टीत तो ब्रेकर बसवलेला असायचा.

यानंतर काय झालं ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही तुकड्या-तुकड्यानं. पण मी ते झालं त्याच क्रमानं सांगतो.

माघात मावशींची दाढ सुजली. गाल असा आला की शब्द उमटेना, जीभ टाळूला लागेना. सुनेवर आवाज चढवला तर जीभ जड होईल असं कुणी म्हटलं होतं, ते आख्ख्या आसेगावला पाठ होतं. हसायला जमलेली तीच माणसं आता कुंपणाशी उभी राहून हळू आवाजात बोलायला लागली. लोक मेले हुशार, माझी गोष्ट त्यांनी माझ्यापेक्षा चांगली सांगितली. कुणी म्हणालं, खड्ड्यात बाहुली होती. कुणी म्हणालं, मी खड्ड्यात उलटे मंत्र पुटपुटत होतो. प्रत्यक्षात मी तंबाखू थुंकत होतो.

मावशींनी सुनेच्या हातचं खाणं बंद केलं. खाण्यात मीठ असतं ना, आणि मिठाचीच तर सारी भानगड. आधी दोन दिवस उपाशी, मग स्वतःची भाकर स्वतः थापायची, स्वतःचं वेगळं पातेलं, तेही चुलीवरून उतरवून उशाशी झाकून ठेवायचं. संक्रांतीचं हळदीकुंकू माघातल्या रथसप्तमीपर्यंत चालतं. आसपासच्या बायांनी माझ्या बहिणीला वगळलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त तिच्या दारावरून पुढच्या दारी गेल्या.

मग होळी झाली आणि माळ्यावरचा कूलर खाली आला. पावसाळाभर, हिवाळाभर माळ्यावर उंदरांनी त्याच्या पंपाची तार कुरतडली होती. आतलं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकत होतं. कूलर लावला की माझं अर्थिंग आपलं काम करायचं. खट. एमसीबी खाली. पुन्हा वर करा, पुन्हा खट. दिवे चालतात, पंखा चालतो, मिक्सर चालतो, एकटा कूलर लावला की खट. ते अर्थिंग माझ्याहून शहाणं होतं, ते एकच वाक्य न वाढवता पुन्हा पुन्हा सांगत होतं, की या डब्याला हात लावू नका. पण ते वाक्य कुणाला समजावून सांगायचं काम ज्याचं होतं, तो कारंजात टपरीवर होता.

जुन्या मातीच्या घरात हाच कूलर सुरळीत चालायचा, याला साक्षीदार सगळं घर. तिथं अर्थिंग नव्हतं, म्हणून चालायचा. मावशींनी सरळ हिशेब मांडला. खड्डा झाला, जीभ जड झाली. खड्डा झाला, कूलर मुका झाला. त्यात चूक कुठं होती ते मला आजही धड दाखवता येत नाही, फक्त हिशेब उलटा होता.

शेजारच्या गावातून करणी उतरवणारा एक जाणता आला. लिंबू कापलं, अंगण उकरलं. मीठ आणि कोळसा टोपल्यांनी नाल्यात गेला. तांब्याची पाटी मिठानं हिरवी पडली होती, तांबं तसं पडतंच, पण हिरवी पाटी मातीतून वर येताना पाहून दोन बाया रडायला लागल्या म्हणे. जाणता ती पाटी विसर्जन करायला म्हणून सोबत घेऊन गेला. तांब्याची चांगली जाड पाटी होती. ती कोणत्या पाण्यात विसर्जित झाली असेल याचा मला अंदाज आहे.

त्याच दुपारी कूलर लावला. एमसीबी पडला नाही. कूलर रेशमासारखा चालला. माघापासून चढ-उतार करणारी मावशींची दाढही दोन दिवसांत बसली, दवाखान्याच्या गोळ्या आठवडाभर चालू होत्याच. आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या, एवढा चोख पुरावा माझ्या एकाही थापेला मिळाला नाही. घर सुखी झालं. मावशी सुनेच्या हातचं जेवायला लागल्या. बाया पुन्हा दाराशी थांबायला लागल्या. कूलरच्या पायाशी चपलांचा एक जोड आला, कारण पत्र्याला हात लागला की थोडं झिणझिणायचं. थोडा करंट असतोच.

चैत्रात मी बहिणीला फोन केला होता. खड्ड्यात पाणी टाकतेस का विचारलं, ती हो म्हणाली. एमसीबी पडतो का विचारलं, ती नाही म्हणाली. मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, की असं अर्थिंग जिल्ह्यात दुसरं नाही.

वैशाखात एका दुपारी जवाईबुवांचा फोन आला. ते सलग बोलू शकत नव्हते. वाशिमचा दवाखाना एवढं कळलं. कारंजा ते वाशिम मी मोटरसायकलवर कसा गेलो हे एरवी मी रंगवून सांगितलं असतं. गेलो. वाटेत काही दिसलं नाही.

बहीण खाटेवर होती, डोळे उघडे होते. उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत पलस्तरात आणि भाजलेली दोन बोटं पांढऱ्या पट्टीत, जाडजूड, दुसऱ्याच कुणाची असावीत तशी. मावशी खाटेच्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या.

झालं ते असं. दुपारी बहीण अंघोळ करून अनवाणीच आली, बादलीनं कूलरमध्ये पाणी ओतायला लागली. फरशी ओली, हात ओले. एका हातानं तिनं पत्र्याची कड धरली आणि कडेनं तिला धरलं. आवाज निघाला नाही. करंट माणसाला ओरडूही देत नाही. मावशी कूलरपुढं लवंडल्या होत्या. आधी त्यांना वाटलं सून नुसती टेकून उभी आहे, मग त्यांना तिचे डोळे दिसले. म्हातारीनं हातानं ओढलं असतं तर त्या खोलीतून दोघी निघाल्या असत्या. तिनं मोरीतली कपडे धोपटायची लाकडी मोगरी उचलली आणि सुनेच्या हातावर घातली. पहिल्या घावानं हात सुटला नाही. दुसऱ्यानं सुटला, आणि मनगटाच्या वरचं हाड मोडलं.

मला त्या बाईचे पाय धरायचे होते. खरंच मी वाकलोही. तेवढ्यात दवाखान्यात जमलेल्या चार सोयऱ्यांकडे बघून ती म्हणाली, "याच्याच करनीचं उरलंसुरलं होतं थे. मुयासगट निंघालं नवतं." आणि चारही सोयऱ्यांनी मान डोलावली.

उरलंसुरलं, खड्डा काढला, हे शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकले. बाकीचं जवाईबुवांनी व्हरांड्यात सांगितलं. दाढेपासून पाटीपर्यंत सगळं, जमिनीकडे बघत. "मी वावरात होतो," असं ते मध्ये मध्ये म्हणत होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही तरी मला एक फोन का नाही केला. ते म्हणाले, तुमाले सांगून काय झालं असतं, तुमी हसले असते. मला राग आला नाही, कारण मी हसलोच असतो.

दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन मी आसेगावला गेलो. मेन बंद केला, कूलर उलटा केला, उंदरानं कुरतडलेली तार बोटभर उघडी होती. अंगणात खड्ड्याच्या जागी सारवून साफ केलं होतं, वर चिमूटभर हळदकुंकू. बाहेरच्या भिंतीवरून उतरणारी हिरवी तार कमरेइतक्या उंचीवर कापलेली होती.

कुंपणाशी तीच माणसं आली. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं. मीठ ओल धरते, त्यानं वीज जमिनीत उतरते. खड्डा काढला म्हणून कूलरचा करंट बाईच्या हातात गेला. दोन वाक्यं, एकही शब्द न वाढवता. ते ऐकून घेतलं त्यांनी, आणि माझ्याकडे बघतच राहिले. मागच्या खेपेला खोकलेला म्हातारा म्हणाला, "मंग?" मी म्हणालो, मंग काही नाही, एवढंच. तो आणखी थोडा थांबला. मी पुढं काही बोलत नाही असं पाहून ते एकेक करून निघून गेले, तमाशाचा खेळ रद्द झाल्यासारखे.

मग मी त्या कापलेल्या तारेपाशी बसलो. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. जाणता असल्या भानगडीत पडत नाही, तो विळ्यानं तोडून टाकतो. जवाईबुवांना टेपचं टोक कुठून सोडवायचं तेही कळत नाही. ही टेप ओढून ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत नेली होती, टोकाच्या पुढं बोटभर नेऊन मागं दुमडली होती आणि शेवट अंगठ्यानं दाबून बसवला होता. उघडी तार कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. असं टेप मारायला या जिल्ह्यात मी एकाच माणसाला शिकवलंय. बाप गेल्यावर ती माझ्यासोबत कामाला यायची, परकराच्या ओच्यात स्क्रू घेऊन शिडी धरायची, आणि पहिल्या पाच वेळा मी तिला टेप सोडून परत मारायला लावली होती.

तिला ठाऊक होतं. अंगणातला खड्डा काय असतो, हिरवी तार कशाची, पडणारा एमसीबी काय सांगतो, त्या घरात हे तिला एकटीला ठाऊक होतं. आणि तिनं स्वतःच्या हातानं ती कापली होती.

आठ दिवसांनी तिला घरी आणलं. तोवर मी तो दुसरा ब्रेकर बसवला होता, जो टपरीवरच्या गोष्टीत कधीचाच बसला होता. कूलरची तार बदलली. खड्ड्याचं विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून मोरीमागं, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मीठ-कोळसा काही न घालता तांब्याची लांब सळई जमिनीत ठोकली आणि हिरवी तार तिला जोडली. इतकं चोरून मी आयुष्यात काही केलं नव्हतं. मावशी आत झोपल्या होत्या.

बहीण ओट्यावर सूप घेऊन डाव्या हातानं तुरीची डाळ निवडत होती. उजव्या हाताची ती दोन बोटं आता वाकत नाहीत, डॉक्टर म्हणाले तशीच राहतील. तिला पोळी लाटता येत नाही. डावा हात सवयीचा नसल्यानं खडा एकीकडे आणि डाळ भलतीकडे पडत होती. मी बाजूला बसलो. एरवी मी आलो की आधी दोन गप्पा मारतो. त्या दिवशी एकही सुचली नाही.

मी विचारलं, "तार तूच कापली?"

"हो."

"काहून? तुले त सारं मालूम होतं."

तिनं सुपातला एक खडा वेचून ओट्याखाली टाकला.

"तुले कारंजाले वापस जायचं होतं, दादा," ती म्हणाली. "मले इथंच राह्यचं होतं."